मुलींच्या हॉकी संघाला आता कोच कोण? आणि मुख्य म्हणजे किती वर्षांसाठी?

लेफ्टइन_लश्कर (ग्वाल्हेर), डिसेंबर २०२५

हरेंद्र सिंगांनी १ डिसेंबर २०२५ ला भारताच्या मुलींच्या हॉकी संघाचं मुख्य कोचपद सोडलं. कारण वैयक्तिक दिलंय, त्यात आपण नाक खुपसायला नको. पण जागा रिकामी आहे आणि हातात वेळ अजिबात नाही. २०२६ च्या मार्चमध्ये विश्वचषकाची पात्रता फेरी, ऑगस्टमध्ये बेल्जियम-नेदरलँड्सला विश्वचषक, आणि सप्टेंबरात जपानला आशियाई खेळ. तिथे सुवर्ण आलं तर २०२८ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक थेट पक्कं. नाही आलं तर पुन्हा पात्रता फेरीच्या दारात. जानेवारी २०२४ ला रांचीत ऑलिंपिक पात्रता फेरीत काय झालं ते आठवत असेलच. जपानकडून ०-१, आणि पॅरिस आपण टीव्हीवर बघितलं, तेही दुसऱ्यांच्या मुलींचं.

आमच्या ग्वाल्हेरात हा विषय जरा जास्तच तापतो. मुलींची राज्य अकादमी २००६ पासून इथे कंपू भागात आहे. सकाळी आत टर्फवर पाणी मारायला सुरुवात झाली की बाहेर चहाच्या टपरीवर आम्हा रिटायर्ड मंडळींची निवड समिती बसते. या आठवड्यात समितीने जुना डच कोच शोर्ड मारिनला परत आणला, आपल्या गावच्या शिवेंद्र सिंगला पुरुष संघाच्या सहायक कोचपदावरून बढती दिली, आणि एका सद्गृहस्थांनी तर श्रीजेशला ज्युनिअर मुलांकडून ओढून इकडे बसवला. चहा संपला की सगळ्या नेमणुका रद्द.

माझं मत सांगतो, मग तुम्ही फाडा.

कोण यावा यापेक्षा तो किती दिवस राहणार हे आधी ठरवा. २०१२ पासूनची यादी बघा. नील हॉगुड, मॅथियास आरेन्स, पुन्हा हॉगुड, मारिन, हरेंद्र, पुन्हा मारिन, यानेके शॉपमन, पुन्हा हरेंद्र. नेमणुका आठ, माणसं पाच. यातलं २०१७ चं प्रकरण मला अजून पचलेलं नाही. मारिन फेब्रुवारीत मुलींकडे आला. सप्टेंबरात पुरुष संघाचे कोच ओल्टमन्सना काढलं आणि मारिनला मुलींकडून उचलून तिकडे दिला. मुलींना हरेंद्र. पुढच्या वर्षी राष्ट्रकुल खेळांत पुरुषांना पदक मिळालं नाही, तर मे महिन्यात परत अदलाबदल! शेजारणीकडून साखरेची वाटी आणावी आणि परत करावी तसा कोच. मधल्या आठ महिन्यांत मुलींचं काय झालं असेल याचा विचार कोणी केला असेल असं मला तरी वाटत नाही.

पण तोच मारिन दुसऱ्यांदा आला आणि तीन वर्षं टिकला, तेव्हा टोकियो ऑलिंपिकची कमाल झाली. पहिले तीनही सामने हरलेला संघ (नेदरलँड्स १-५, जर्मनी ०-२, ब्रिटन १-४) उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला १-० काढतो, हे नव्या कोचकडून होत नाही. त्याने मुलींना आधी चार-पाच वेळा हरताना बघितलेलं असावं लागतं.

म्हणून माझी पसंती मारिनला, पण करार २०२८ पर्यंतचा. आणि पुरुषांचा कोच उद्या गेला तरी याला हात लावायचा नाही, हे त्यात लिहूनच घ्या. तुमचं काय?

इंदूरी_सेंटरहाफ

काका, तुमचाच हिशोब तुमच्यावर उलटतोय. २०१७ ला हरेंद्रकडे मुली आल्या सप्टेंबरात, आणि नोव्हेंबरात जपानला आशिया चषक जिंकल्या, फायनलला चीनला शूटआउटमध्ये पाडून. २०२४ ला ते आले एप्रिलमध्ये, नोव्हेंबरात राजगीरला आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी. म्हणजे थोडक्या वेळातही होतं की!

मला देशी कोच हवा. १९९८ ला बँकॉकला ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं, तेव्हा कोच कौशिकसाहेब होते, कप्तान धनराज. त्यानंतर पुरुषांकडे किती गोरे येऊन गेले? राख, ब्रासा, नॉब्स, वॉल्श, व्हॅन आस. वॉल्शने २०१४ ला इंचॉनचं सुवर्ण दिलं आणि लगेच गेलासुद्धा. व्हॅन आस तर आला कधी नि गेला कधी हे कळायच्या आत संपला.

आणि दोन क्वार्टरांमध्ये मिनिटं मिळतात दोन. सलीमा टेटे सिमडेग्याची, कोणी मणिपूरची, कोणी हरियाणाच्या खेड्यातली. धापा टाकत आलेल्या पोरीला त्या दोन मिनिटांत हिंदीत खडसावलेलं समजेल की डच वळणाचं इंग्रजी?

तुषार खांडकर का नको? झाशीचा आहे, म्हणजे तुमच्या शेजारचाच. त्याच्या हाताखाली ज्युनिअर मुलींनी गेल्या डिसेंबरात मस्कतला आशिया चषक जिंकला, तोही चीनविरुद्ध. आत्ता त्याच मुलींना घेऊन तो ज्युनिअर विश्वचषकासाठी चिलीत आहे. दोन वर्षांनी सीनिअर संघात याच मुली येणार आहेत. (आडनाव बघून म्हणत नाहीये. बरं, थोडंसं म्हणतोय.)

फर्स्ट_रशर (खडकी)

देशी-विदेशी करत बसा. मला एवढंच सांगा, पेनल्टी कॉर्नर कोण मारणार?

राजगीरला दीपिकाने ११ गोल केले, फायनलचा एकमेव गोलही तिचाच. यंदा हांगझूच्या आशिया चषकाला ती दुखापतीमुळे नव्हती, गोलात सविताही नव्हती. फायनलला पहिल्याच मिनिटाला नवनीतने कॉर्नरवर गोल केला आणि मला वाटलं आज जमतंय. मग चीनने चार मारले. आपण १-४ हरलो, चीन थेट विश्वचषकात गेलं आणि म्हणून आपल्याला ही मार्चची पात्रता फेरी खेळावी लागतेय.

ड्रॅगफ्लिक (कॉर्नरवर स्टिकने बॉल ओढत गोलात भिरकावणं) ही एका मुलीची कला नसते. बॉल ढकलणारी, थांबवणारी आणि मारणारी अशा तिघींचं ते काम आहे. ढकलणारीचा पुश जरा उसळला की थांबवणारी अर्धी वीत मागे सरते, आणि तेवढ्यात समोरची पहिली रशर (गोलकडून धावत येणारी बचावपटू) अंगावर आलेली असते. हे मी पळून पळून गुडघ्यावर घेतलेलं ज्ञान आहे. पुरुषांकडे एक हरमनप्रीत बसला तर दुसरा उभा असतो. मुलींकडे गुरजीतनंतर दीपिका, आणि दीपिकानंतर देवाचं नाव.

मुख्य कोच कोणीही आणा. त्याच्याबरोबर ड्रॅगफ्लिकचा माणूस आठ दिवसांच्या शिबिरापुरता नको, वर्षभर हवा. आणि फिटनेसवाला आधी ठरवा. टोकियोला मुली चौथ्या क्वार्टरमध्येही धावत होत्या, त्यामागे वेन लोम्बार्ड होता. मारिनची पुण्याई सगळे गातात, लोम्बार्डचं नाव कोणी घेत नाही.

पॅडवाली (बडोदे)

काका, नमस्कार. मी मूळची ग्वाल्हेरच्या जनकगंजची, आता बडोद्याला एका शाळेत खेळ शिकवते. राज्याकडून गोलकीपर म्हणून खेळले, त्यापुढे नाही गेले.

इथे एकानेही बाईचं नाव घेतलं नाही, म्हणून लिहितेय. शॉपमन गेली तेव्हा सगळ्यांनी रांचीचा निकाल धरला. त्याआधी ती उघडपणे बोलली होती की पुरुष संघाला आणि मुलींच्या संघाला इथे वेगवेगळी वागणूक मिळते, आपल्या शब्दाला किंमत नाही. त्यावर किती चर्चा झाली? दोन दिवस. बाईने जाता जाता बोट दाखवलं, आपण बोटाची नखं बघत बसलो. ती स्वतः २००८ ची ऑलिंपिक सुवर्णविजेती, तिच्या हाताखाली २०२२ ला राष्ट्रकुल कांस्य आलं, त्याच वर्षी व्हॅलेन्सियाला नेशन्स कप जिंकून संघ प्रो लीगमध्ये, म्हणजे अव्वल देशांच्या लीगमध्ये गेला. यंदा जूनमध्ये त्याच प्रो लीगमधून शेवटच्या क्रमांकावर राहून खाली घसरला. शॉपमन या वर्षी हॉकी इंडिया लीगमध्ये ओडिशा वॉरियर्सला घेऊन आली आणि मुलींची पहिलीवहिली ट्रॉफी जिंकून गेली. म्हणजे तिला काही येत नव्हतं असं नाही.

माझा अनुभव छोटा आहे, पण सांगते. एका निवड शिबिरात माझी मांडी ओढली गेली होती. किक-सेव्ह करताना, म्हणजे पायाने बॉल अडवताना पाय पुरता उघडत नव्हता. मी कोचना सांगितलं नाही. सांगितलं की बसवतात, आणि बसवलेली मुलगी पुढच्या यादीत दिसत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शिवाय मांडीच्या आतल्या बाजूचं दुखणं त्या सरांना कुठल्या तोंडाने सांगायचं? क्रेप बँडेज बांधून वर पॅड चढवले. दुसऱ्या दिवशी दोन गोल त्याच पायाखालून गेले. आता माझ्या शाळेतल्या मुली येऊन सरळ सांगतात, “मॅडम, आज पोटात दुखतंय, धावणार नाही.” त्यांना मी बसवते, आणि परवा खेळवतेही.

मुख्य कोच पुरुष असला तरी चालेल. पण सहायकांत निर्णयाचा अधिकार असलेली एक तरी बाई हवी, मॅनेजरची फाइल धरायला ठेवलेली नको. राणी रामपाल निवृत्त होऊन वर्ष झालं, हॉकी इंडिया लीगमधल्या सूरमा संघाबरोबर काम करतेय. तिला आत्ता मुख्य कोच करा असं नाही म्हणत मी. पण २०२८ ला तिला तयार मिळवायचं असेल तर आज आत घ्यायला हवं ना?

गल्लीक्रिकेट

हॉकीवर एवढं मोठं रामायण? ग्वाल्हेर म्हणजे सचिनचे दोनशे. विषय संपला.

लेफ्टइन_लश्कर

@गल्लीक्रिकेट, बाळा, २४ फेब्रुवारी २०१० ला ते दोनशे ज्या मैदानावर झाले, त्याला नाव कोणाचं आहे? कॅप्टन रूपसिंगांचं. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ, शिंद्यांच्या फौजेतले, इथेच राहिले आणि १९७७ ला इथेच गेले. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यातले दहा गोल त्यांचे. ते मैदान मुळात हॉकीचं. पुढे क्रिकेटने घेतलं, आणि आता क्रिकेटही शंकरपूरच्या नव्या स्टेडियमवर निघून गेलं. रूपसिंग लेफ्ट इन, म्हणजे आघाडीत डाव्या बाजूला आत खेळायचे. माझं इथलं नाव उगीच नाही.

आता कामाचं.

@इंदूरी_सेंटरहाफ, दोन महिन्यांत चषक येतो, मान्य. पण २०१७ चा तो संघ फेब्रुवारीपासून कोणी घडवला होता? आणि राजगीरनंतर सातच महिन्यांत प्रो लीगमध्ये तळाला गेलो, हे तुम्ही गाळलंत. आठ दिवसांची स्पर्धा जोशावर निघते. प्रो लीग महिनोन् महिने चालते आणि राखीव खेळाडूंचा बाक किती खोल आहे ते उघडं पाडते. हरेंद्र वाईट कोच नाहीत, २०१६ ला लखनौला ज्युनिअर विश्वचषक त्यांनीच जिंकून दिला. माझं म्हणणं माणसाबद्दल नाहीच.

भाषेचा मुद्दा मात्र खरा. त्यासाठी मुख्य कोच बदलायचं कारण नाही, खांडकरला सहायक घ्या. ज्युनिअरमधून येणाऱ्या मुलींना ओळखीचा चेहराही मिळेल. तुमचं आडनावप्रेमही भागेल.

@फर्स्ट_रशर, एकदम कबूल. आमच्या वेळी गवतावर बॉल हाताने थांबवायचे, तरी थांबवणारा आमच्या कप्तानाच्या शिव्या खायचा. टर्फवर तर क्षणाचा खेळ.

@पॅडवाली, बेटा, तुझं वाचून टपरीवरच्या समितीला मोठ्याने वाचून दाखवलं. पाचही म्हातारे गप्प. मग एक म्हणाले, आपली नात अकादमीत आहे, तिने आपल्याला कधी काही दुखतं म्हणून सांगितलेलं नाही. एवढं बोलून उठले आणि फोन लावायला बाजूला गेले. राणीला आत्तापासून संघात घ्या, हे मी माझ्या यादीत टाकतोय.

इंदूरी_सेंटरहाफ

यादी लांबत चाललीय काका. मारिन, लोम्बार्ड, खांडकर, राणी, ड्रॅगफ्लिकवाला. विमानात मुलींना जागा उरेल ना?

पण एक सरळ उत्तर द्या. समजा मारिन आला, २०२८ पर्यंत करार झाला, आणि मार्चमध्येच पात्रता हुकली. तेव्हा?

लेफ्टइन_लश्कर

तेव्हाही ठेवायचा.

फर्स्ट_रशर (खडकी)

विश्वचषक हुकला तरी?

लेफ्टइन_लश्कर

हो. तीन महिन्यांपूर्वी आलेल्या माणसाला त्या निकालासाठी काढलं तर दहावी नेमणूक होईल, आणि ती व्यक्ती सप्टेंबरात जपानला मुलींची नावं पाठ करत असेल. विश्वचषक हुकल्याचं दुःख मला तुमच्याइतकंच होईल. पण लॉस एंजेलिसचा दरवाजा आशियाई खेळांतून उघडतो. नव्या कोचला मोजायचं तर तिथे मोजा.

पॅडवाली (बडोदे)

मी काकांच्या बाजूने. फक्त मार्चला कोण गोलात उभी राहणार ते कोणीतरी आत्ताच ठरवा. सवितानंतर कोण, हा प्रश्न टोकियोपासून पुढे ढकलला जातोय. कोच आला की त्याचं पहिलं काम हे असावं.

इंदूरी_सेंटरहाफ

मला पटलेलं नाही. मार्चमध्ये हरलो तर हा धागा मी वर काढणार, मग बोलू.