भारतीय फुटबॉलपटूंची यादी: जुन्यांचे सामने मोजायचे कसे?

टिळकवाडीकर: विकिपीडियावर भारताच्या फुटबॉलपटूंची यादी नीट करायलोय. नाव, पदार्पण, सामने, गोल असे रकाने केलेत. छेत्रीचं सोपं. २००५, क्वेट्टा, पाकिस्तानविरुद्ध, पहिल्याच सामन्यात गोल. घोडं अडलंय जुन्यांत. एकाच माणसाचे दोन ठिकाणी दोन आकडे! मेवालाल तर कुठं शिवू, कुठं साहू.

निपाणीकर: एकच नाव धरा, दुसरं टिपेत घाला. आकडा पक्का नसेल तर रकाना मोकळा ठेवा की. आणि क्लबचे गोल देशाच्या गोलांत मिसळू नका. मी एकदा मिसळलेत, निस्तरता निस्तरता रविवार गेला. १९५१ च्या आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात इराणवरचा एकमेव गोल मेवालालचा, तेवढं बिनधास्त लिहा.

खानापूरचा: नेव्हिल डिसूझाला नुसतं ‘आघाडीपटू’ लिहून सोडू नका हां. १९५६, मेलबर्न ऑलिंपिक, ऑस्ट्रेलियावर ४-२. त्यात तीन गोल त्याचे!

टिळकवाडीकर: घातलं. आमचे आबा बेळगावच्या कॅम्प भागात अनवाणीच खेळायचे. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला आपले बरेच जण तसेच उतरले, हे सांगताना छाती फुगायची त्यांची. फ्रान्सकडून १-२ हरलो, आपला गोल सारंगपाणी रामनचा. माझ्या मसुद्यात तोच घालायचा राहून गेलेला! आधी त्याला घालतो.