चांदमारीसाठी दिलेली गायरानं परत मिळतात का?

माळरान_प्रेमी
तोफांच्या सरावासाठी सरकारी पडीक, गायरान, जंगल राखून ठेवतात. मुदत संपली की ती जमीन खरंच मोकळी होते का? सैन्याच्या विरोधात विचारत नाही. तिथं गुरं चारणाऱ्यांची काळजी वाटते म्हणून विचारतोय.

कलम_वाचक
होते, पण लोकांनी मुदतीवर डोळा ठेवला तर. सैन्याच्या गोळीबार आणि तोफसरावासाठीच्या १९३८ च्या कायद्यानुसार राज्य सरकार अधिसूचना काढून गोळीबाराचं क्षेत्र आणि मुदत ठरवतं. नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. झारखंडमधल्या नेतरहाटच्या सराव-क्षेत्राची मुदत ११ मे २०२२ ला संपली आणि ऑगस्टमध्ये सरकारनं ती न वाढवण्याचा निर्णय घेतला. त्यामागे जवळपास ३० वर्षांचं आंदोलन होतं. मार्च १९९४ मध्ये सरावासाठी आलेल्या तुकड्यांना आदिवासींनी वाट अडवून माघारी पाठवलं होतं.

जुना_तोपची
मी तोफखान्यात नोकरी केली आहे. वकीलसाहेबांनी कागदावरचं सांगितलं, मी मातीतलं सांगतो.

पडला पण फुटला नाही अशा गोळ्याला आम्ही ‘ब्लाइंड’ म्हणायचो. सराव आटोपला की असे गोळे शोधायचे आणि जागेवरच उडवायचे. पण ओढ्याच्या गाळात किंवा बर्फात रुतलेला गोळा दिसत नाही. पुढं कधीतरी पावसानं माती वाहून गेली की तो उघडा पडतो, आणि भंगाराला चार पैसे मिळतील म्हणून एखादं पोर तो उचलतं. काश्मीरमधल्या तोसामैदानच्या कुरणावर १९६४ पासून सराव चालायचा. गावकरी मेले, कित्येक जण कायमचे अपंग झाले. २०१४ मध्ये मुदत संपली, ती वाढवली नाही. सैन्यानं कुरण साफ केलं, तरी त्यानंतरही तिथं जिवंत गोळे सापडले.

सराव बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. खरा गोळा न टाकलेल्या तोपचीच्या भरवशावर आपलं पायदळ पुढं धाडणं पाप आहे. शिवाय जमिनीची गरज वाढतेच आहे. जुन्या १०५ मि.मी. तोफेचा पल्ला साधारण १७ किलोमीटर, नव्या धनुष तोफेचा ३८ च्या आसपास. गोळा भरकटला तर कुठं पडेल, तेवढी जागाही मोकळी लागते.

म्हणून ग्रामसभेनं आधीच लिहून मागावं: सरावाच्या तारखा गावाला किती दिवस आधी कळवणार, प्रत्येक सरावानंतर सफाई कोण करणार, आणि झाल्याचं लेखी कोण देणार. मुदतवाढीची फाईल हलली की हे कागद पुढं करायचे.

माळरान_प्रेमी
आणि तोवर गुराख्याला काही सापडलंच तर?

जुना_तोपची
हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, फोटोसाठीही जवळ जायचं नाही. ज्या वाटेनं गेलात त्याच वाटेनं मागं फिरा, लांबवर खूण करा, पोलीस पाटलाला सांगा. गोळा गंजलेला असला तरी फुटतो, हे शाळेतल्या पोरांना आजच सांगा.