मदत हवी आहे: साथरोगांची मॉडेलं करायची तर एमएस्सी गणितात की संख्याशास्त्रात?

भाची सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. घरातले सगळे बँकेच्या परीक्षेसाठी मागे लागलेत आणि हिला साथीच्या रोगांची गणितं मांडायची आहेत. वकीलपत्र मामाकडे आलंय, म्हणून हा धागा.

मला वाटलं, कोविडचं खूळ असेल. तसं नाही. वर्गात एसआयआर मॉडेल शिकवलं: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे झालेले किंवा दगावलेले असे तीन गट, आणि माणसं एका गटातून दुसऱ्यात किती वेगाने जातात याची समीकरणं. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा १९२७ चा मूळ पेपर हिने नेटवर शोधला, तर त्यातला आलेख आपल्या मुंबईचा! १९०५-०६ च्या प्लेगमधले दर आठवड्याचे मृत्यू. माझी पणजी प्लेगात गाव सोडून माळावर झोपडीत राहिली होती, ही गोष्ट आमच्याकडे लहानथोरांना पाठ आहे. झालं, पोरगी त्यातच अडकली.

ठिपक्यांवरून समीकरणाची रेघ सुबक जाते. पण ती म्हणते, "मामा, गोम तिथेच आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, मोसम बघून उसळतो. समीकरणात ना पिसू, ना ऋतू. रेघ जुळली म्हणजे रोग कळला असं नाही." (मॅकेन्ड्रिक स्वतः डॉक्टर, कसौलीत काम केलेला, गृहीतकं ढोबळ आहेत हे त्यांनीही मान्य केलंय म्हणे.)

आता अडचण अशी की बारावीनंतर हिचा जीवशास्त्राशी संबंध सुटलाय. जॅमला (आयआयटी वगैरेंच्या एमएस्सी प्रवेशाची परीक्षा) गणित आणि संख्याशास्त्राचे पेपर वेगळे, दोन्हींची तयारी झेपणार नाही. कोणता द्यावा? जंतू, डास, दवाखान्यातल्या नोंदी ही बाजू पुढे पीएचडीत शिकता येते, की आधीच उशीर झालाय? चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये किंवा पुण्याच्या आयसरमध्ये कोणी असेल तर कृपया लिहा. प्रोग्रॅमिंगची भाषा आर की पायथन, हे नंतर बघू.

ताईचा प्रश्न जसाच्या तसा: "साथ नसते तेव्हा ही माणसं काय करतात, आणि पगार कोण देतं?" टीबी, डेंग्यू, मलेरिया कुठे गेलेत, एवढं मी सांगून पाहिलं. पगारापाशी गप्प बसलो.

"डेटा सायन्स कर" हा सल्ला कृपया नको, तो जेवताना रोज मिळतो. फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत, जरा लवकर लिहा.