तक्ता पाठ करण्याआधी टेबलावरचं कापड वाचा

ब्लॅकजॅक म्हणजे २१ न ओलांडता २१ च्या जवळ जायचा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ. कुठल्या पानांवर पान मागायचं नि कुठे थांबायचं, हे सांगणारा त्याचा तक्ता पाठ केला की निम्मं काम झालं, असं नेहमी सांगतात. पटलं. पण आपण बसतोय त्या टेबलाच्या कापडावर काय छापलंय हे कुणीच काढत नाही. ब्लॅकजॅक लागला, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाचं पान येऊन २१ झाले, तर पैसे ३:२ ने मिळणार की ६:५ ने? ५०० लावले तर पहिल्यात ७५० सुटतात, दुसऱ्यात फक्त ६००. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा लागतो, म्हणजे साडेदहा हजार फिरवले की दीडशे रुपये गुपचूप गेले. चांगल्या नियमांच्या टेबलावर तक्ता चोख खेळलात तर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा लावलेल्या पैशांच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहतो. ६:५ ची ही एक ओळ त्यात जवळजवळ १.४ टक्के घालते.

आणि तक्ता पाठ असणं वेगळं, चारचौघांत तो खेळणं वेगळं. गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनो बोटीवर माझे सोळा होते, पानं वाटणाऱ्या डीलरची उघडी दश्शी. तक्त्याप्रमाणे पान मागितलं, राजा आला, २१ ओलांडून गेलो. शेजारचे काका भडकलेच, "डीलरचं पान खाल्लंत तुम्ही!" म्हणजे मी थांबलो असतो तर तो राजा डीलरकडे जाऊन तोच बुडाला असता, असं त्यांचं म्हणणं. पण पुढचं पान काय येणार हे त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? तरी पुढचे तीन-चार डाव मी निव्वळ भिडेपोटी सोळावर थांबत राहिलो.