मदत हवी आहे: चौथीतल्या मुलीचा 'डू' आणि 'डज'चा गोंधळ

मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. इंग्रजी पहिलीपासूनच असल्यामुळे छोटे शब्द वाचणं, रंग, प्राणी, भाज्यांची नावं पक्की आहेत. अडतंय ते वाक्यात. 'शी प्लेज' बरोबर म्हणते, पण प्रश्न विचारायचा झाला की 'डज शी प्लेज?' आणि नकार द्यायचा झाला की 'शी नॉट प्ले'. गाळलेल्या जागा मात्र अचूक भरते. म्हणजे नियम कळलाय, तोंडात बसलेला नाही, असं मला वाटतं.

नियम पाठ करून घेतला, भिंतीवर तक्ता लावला. शब्दांच्या चिठ्ठ्या करून वाक्यं जुळवली. क्रियापदाच्या मागचा 'एस' काढून घेतला की 'डू'चा 'डज' होतो, हे तिला चिठ्ठ्यांवर लगेच पटलं, मजाही आली. पण चिठ्ठ्या उचलल्या की पुन्हा तेच.

रोज संध्याकाळी वीसेक मिनिटं मिळतात. घरात इंग्रजी बोलणारं कोणी नाही, क्लास लावायचा नाही आणि मोबाइलवरचे खेळही नकोत.

प्राथमिकला शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं: आधी साधी वाक्यं पक्की करून मग प्रश्नांकडे वळावं, की प्रश्न आणि उत्तर जोडीनंच बोलून घ्यावं? आणि बोलताना चुकली तर तिथेच थांबवावं, की वाक्य पूर्ण होऊ द्यावं?