ग्लिओब्लास्टोमा उलटल्यावर दुसरं ऑपरेशन: करावं की थांबावं?

कोयनाकाठ:
आमच्या थोरल्या काकांना (वय ७१) गेल्या वर्षी उजव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूचा पुढचा भाग, स्वभाव आणि निर्णय सांभाळणारा) ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कॅन्सर, निघाला. ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन झालं, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्यांची सहा आवर्तनं झाली. ताज्या एमआरआयमध्ये पोकळीच्या कडेला पुन्हा पांढरं दिसतंय आणि सर्जन म्हणतात, परत उघडू या. घरात दोन तट पडलेत. मी विरोधातली.

पहिल्या फेरीचे उपचार घ्यावेतच. पण आजार उलटल्यावर डोकं दुसऱ्यांदा उघडणं बऱ्याचदा पेशंटसाठी नसतं. 'आम्ही काही करायचं ठेवलं नाही' हे चार लोकांत सांगता यावं म्हणून असतं. ही गाठ हरळीसारखी: वरचं उपटलं तरी मुळं बांधात पसरलेली. १९२८ साली वॉल्टर डँडी या अमेरिकन सर्जनने अशा पेशंटांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढल्याचं प्रसिद्ध केलं. तरीही आजार उलटला. मग आता कडेचा एक तुकडा काढून काय साधणार? मतं हवी आहेत, सांत्वन नको.

न्यूरोवाला:
असहमत. डँडीचं उदाहरण नेहमी अर्धवट वापरलं जातं. ऑपरेशनने ग्लिओब्लास्टोमा बरा होत नाही हे आम्हा लोकांना पाठ आहे; बरं करण्यासाठी कुणी करतही नाही. डोक्यातला दाब कमी होतो, डेक्साचा (मेंदूची सूज उतरवणारं स्टिरॉइड) डोस उतरवता येतो. आणि पेशी लांबवर गेलेल्या असल्या तरी आजार उलटतो तो बहुतेक वेळा जुन्या कडेपासून दोनेक सेंटिमीटरच्या आतच. म्हणजे त्रास जिथे आहे तिथेच हात घालतोय.

दुसरं, ते पांढरं म्हणजे ट्यूमरच हे कुणी ठरवलं? रेडिएशनने मेलेला मेंदूही एमआरआयमध्ये तसाच उजळतो. परफ्यूजन एमआरआय (रक्तपुरवठा दाखवणारा) किंवा पेट स्कॅन करून घेतलात का? त्यावरही कळलं नाही तर तुकडा तपासल्याशिवाय खात्री नाही.

कोयनाकाठ:
परफ्यूजनचं कुणी बोललं नव्हतं, विचारते. पण डेक्सा उतरेल हे आम्हाला पहिल्या वेळीही सांगितलं होतं. आज काकांचा चेहरा सुजून गोल झालाय, शुगर तीनशेच्या वर, आणि रात्री दोनला उठून पोहे मागतात. नाही म्हटलं की काकूंवर हात उगारतात. जन्मात कुणाला अरे-तुरे न केलेला माणूस.

सांगलीची मंजिरी:
ताई, पोह्यांचं वाचून आमचे बाबा आठवले. आम्ही दुसरं ऑपरेशन केलं आणि पुन्हा वेळ आली तरी करू. डावा हात जवळजवळ गेला होता, तो परत चालू झाला. धाकटीच्या लग्नात स्वतःच्या हाताने अक्षता टाकल्या. किती महिने मिळाले हे मी कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारे लगेच खर्चाने भागाकार करतात.

मध्यांक (निम्मे पेशंट जितके महिने जगले तो आकडा) म्हणजे प्रत्येकाचं भविष्य नव्हे. २००५ च्या ज्या चाचणीवरून ही रेडिएशन-टेमोझोलोमाइडची पद्धत रूढ झाली, तिच्यात मध्यांक १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला, फक्त अडीच महिने. पण पाच वर्षांनी जिवंत असलेले नुसत्या रेडिएशनमध्ये १.९ टक्के होते, गोळ्या जोडल्यावर ९.८. त्या शेवटच्या लोकांत आपलं माणूस नसेल असं आधीच कसं धरायचं?

कोयनाकाठ:
मंजिरी, त्या चाचणीत सत्तरीपुढचे घेतलेच नव्हते. पासष्टच्या पुढच्यांची वेगळी चाचणी २०१७ ची आहे, तिच्यात ७.६ चे ९.३ महिने झाले. आणि हे दोन्ही आकडे पहिल्या फेरीचे. उलटल्यानंतर ऑपरेशनचा फायदा दाखवणारे बहुतेक अभ्यास जुन्या केसपेपरांवरचे. धडधाकट, सोयीच्या जागी गाठ असलेले पेशंट सर्जन निवडणार, मग तेच जास्त जगले म्हणून ऑपरेशनला श्रेय.

न्यूरोवाला:
हा मुद्दा मान्य, निवडीचा दोष आहेच. पण त्याचा अर्थ 'चांगला पेशंट निवडा' असा होतो, 'कुणालाच करू नका' असा नाही. उजळणारा सगळा भाग निघण्यासारखा असेल आणि माणूस स्वतःच्या पायाने ओपीडीत येत असेल तर मी करा म्हणेन. अर्धंमुर्धं काढण्यासाठी मात्र नको. काका चालतात का?

तात्या ठाणेकर:
एवढं कशाला? मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने द्राक्षातला घटक आणि तांबं यांच्या गोळीने हाच ट्यूमर थंड केलाय. पेपरात आलं होतं. आमच्याकडे तांब्याच्या तांब्यातलं पाणी पिढ्यान् पिढ्या पितात.

न्यूरोवाला:
तात्या, तो अभ्यास डॉ. इंद्रनील मित्रांच्या गटाचा. ऑपरेशनआधी थोडे दिवस १० जणांना रेझव्हेराट्रॉल (तोच द्राक्षातला घटक) आणि तांबं दिलं, १० जणांना नाही, आणि काढलेल्या गाठीत फरक तपासला. गाठीतली आक्रमकतेची चिन्हं कमी दिसली. आयुष्य वाढतं का, हा प्रश्न त्यात नव्हताच. संशोधन जरूर पुढे जावं, पण तुमच्या तांब्याचा त्याच्याशी संबंध नाही.

टेक्सासकर:
इकडे डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटवायचं यंत्र देतात, भावाला दिलं होतं. टक्कल ठेवायची, दिवसाचे १८ तास लावून बसायचं. चाचणीत १६ चे २०.९ महिने झाले, पण तेही पहिल्या फेरीतले. इन्शुरन्सने भरलं म्हणून वापरलं. खिशातून भरायचं असतं तर मीच नको म्हटलं असतं.

सांगलीची मंजिरी:
आणि बेव्हॅसिझुमॅब, ते गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन?

न्यूरोवाला:
सूज उतरते, डेक्सा कमी होतो, एमआरआय सुंदर दिसतो. लोमुस्टिन या केमोच्या गोळीला जोडून पाहिलं तेव्हा नुसत्या लोमुस्टिनचे ८.६ विरुद्ध दोन्हींचे ९.१ महिने, म्हणजे आयुष्यात फरक नाहीच. पण ऑपरेशन करायचं नसेल आणि हा डेक्साचा तमाशा आवरायचा असेल तर बोलून बघा.

कोयनाकाठ:
काका भिंत धरून संडासपर्यंत जातात, एवढंच चालणं. त्यांना विचारलं तर सकाळी हो, संध्याकाळी नको. फ्रंटल लोबचा माणूस, त्याच्या 'हो'वर सही घ्यायला माझा जीव होत नाही. गाठ निघाली त्याच आठवड्यात हे विचारून ठेवायला हवं होतं. तेव्हा सगळे एकमेकांपासून आजाराचं नाव लपवण्यात गुंतले होते.

न्यूरोवाला:
भिंत धरून चालत असतील तर माझं मत ऑपरेशनकडून बरंच सरकलं. तरी ते चालणं ट्यूमरमुळे बिघडलं की डेक्साने मांड्या गेल्यामुळे, हे आधी बघा. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येत नसेल तर बहुधा डेक्सा. सगळ्या एमआरआयच्या सीडी, गाठीच्या स्लाइड आणि ब्लॉक (जपून ठेवलेले तुकडे) घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला दुसरं मत घ्या. एमजीएमटीचा रिपोर्टही मागा, म्हणजे टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल ते सांगणारी गाठीची तपासणी.

सांगलीची मंजिरी:
मी अजून ऑपरेशनच्याच बाजूची. पण पुण्याजवळ असाल तर वारज्याच्या सिप्ला सेंटरला आत्ताच फोन करा, शेवटची वाट बघू नका. पॅलिएटिव्ह काळजी तिथे मोफत मिळते, आणि काकूंना रात्रीची झोप कशी मिळेल हेही ते बघतात.

कोयनाकाठ:
कराडला आहोत. सोमवारी परफ्यूजन ठरलंय. शुगर मात्र आजच बघून घेते.