एरर शून्य, तरी सिग्मा चुकीचा! असं कसं?

अर्धवट_एमटेक: दोन लॉरेन्झ सिस्टिम (एक्स, वाय, झेड कसे बदलतात ते सांगणारी तीन समीकरणं) सिंक करतोय, म्हणजे मास्टर पुढे चालतो आणि स्लेव्ह त्याच्या मागोमाग. मास्टरच्या समीकरणांतले सिग्मा, रो, बीटा हे तीन स्थिर आकडे स्लेव्ह ॲडॅप्टिव्ह नियमाने शोधतो, म्हणजे दोघांतला फरक (एरर) बघत आपला अंदाज सुधारत जातो. १०, २८, ८/३ दिले की तिन्ही चोख येतात. रो २० केला तर एरर शून्य, रो-बीटाही बरोबर, पण सिग्मा ८.३ वर ठाण मांडून बसतो. गेन (अंदाज सुधारण्याचा वेग) वाढवला तर भलत्याच आकड्यावर अडकतो. उद्या गाईडला दाखवायचंय हो!

जुना_सोल्डर: मास्टरचा आलेख बघितलास का? रो २० ला केऑस (कधीच न थांबणारी, अनियमित हालचाल) टिकत नाही, सगळं शेवटी एका बिंदूवर जाऊन बसतं. तिथे एक्स आणि वाय दोन्ही ७.१२ (किंवा दोन्ही उणे), झेड १९. आता पहिलं समीकरण बघ: सिग्मा गुणिले (वाय वजा एक्स). शून्याला १० ने गुण नाहीतर ८.३ ने, स्लेव्हला काय कळणार? लायापुनॉव्हची सिद्धता (सिस्टिम स्थिरावते हे दाखवणारं गणित) एरर मरण्याची हमी देते, आकडे खरे येण्याची नाही. त्यासाठी सिग्नल हलता लागतो. २८ ला केऑस ते काम फुकटात करतो.

अर्धवट_एमटेक: वाय वजा एक्स काढलं. थोड्या वेळाने सपाट रेघ! थोडा नॉइज टाकू का?

जुना_सोल्डर: मोजमापात? मुळीच नको, सिग्मा भरकटेल. सर्किट रात्रभर चालू ठेवून मी हे भोगलंय, सकाळी आकडा पार कुठच्या कुठे. त्यापेक्षा दुसऱ्या समीकरणात छोटी साइन लहर दे, तीच स्लेव्हलाही.

अर्धवट_एमटेक: सिग्मा ९.९८! झोपतो आता.